तळहातावरची बोली

नागपुरात मे महिन्यात दुपारी झोपायला कुणाला कारण लागत नाही. डॉ. हेमांगी ताकसांडे मात्र अभ्यासाला म्हणून झोपायला जायची.

धंतोलीतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते केंद्र होतं. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांवर झिरपणारं पाणी, आत हिरवट अंधार आणि ओळीनं मांडलेल्या खाटा. खाटेवर आडवं व्हायचं, डोक्यावर जाळीची टोपी चढवून घ्यायची आणि हात चादरीवर मोकळे सोडायचे. ताटीतून येणारा गार वास नाकात भरता भरता श्वास खोल जायचा. मग तिची बोटं आपोआप हलू लागायची. झोपलेलं कुत्र्याचं पिल्लू पाय हलवतं ना, तशी. बारीक, घाईची, कशाच्या तरी मागे धावणारी.

हेमांगी हिंगणघाटची. वडील तुळशीराम ताकसांडे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. नागपूरच्या सरकारी कॉलेजातून ती डॉक्टर झाली तेव्हा घराण्यातली पहिलीच. लहान मुलांच्या यकृताच्या शस्त्रक्रिया शिकायच्या, आणि त्या अमेरिकेत शिकायच्या, हे तिनं इंटर्नशिपमध्येच ठरवून टाकलं होतं. तिथल्या परीक्षा दिल्या, गुण उत्तम पडले. सर्जरीच्या रेसिडेन्सीसाठी, तिथल्या शिकाऊ सर्जनच्या जागेसाठी, दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा मार्चमधल्या निकालाच्या ठरलेल्या सोमवारी एका ओळीचं उत्तर आलं: जागा मिळालेली नाही.

दुसऱ्या वेळी मुलाखत घेणाऱ्या सर्जननं तिला सरळच सांगितलं होतं, "तुमचे गुण मला दिसतात. तुमचे हात दिसत नाहीत."

तो उद्धट नव्हता. परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरला कुणी शिकवलं, त्यानं किती वेळा स्वतः टाका घातला आणि किती वेळा नुसता मागे उभा राहून बघितला, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. औषधोपचाराच्या शाखांत अशा मुलांना जागा मिळत. चाकू हातात द्यायचा म्हटलं की सगळे थबकत.

या अडचणीवर उत्तर निघालं ते झोपेतून. हाताचं कसब मेंदूत मुरतं ते झोपेत, हे शास्त्रज्ञांना बरीच वर्षं माहीत होतं. दिवसभर गिरवलेली हालचाल मेंदू गाढ झोपेत पुन्हा पुन्हा, भराभर उजळून घेतो. शाळेतून आलेलं पोर पाढे पुटपुटतं तसं. ही उजळणी क्षणभराच्या लहरींच्या झुबक्यांत होते. त्याच क्षणी दुसऱ्याच माणसाच्या हालचालींचा ठसा मेंदूच्या त्या भागावर हलकेच उमटवला, तर मेंदू तोही मुरवून घेतो असं आढळलं. झोपेत मेंदू फार चौकशी करत नाही. पुढ्यात आलेलं काम आपणच दिवसा केलं असणार, असं धरून चालतो. सहा महिन्यांच्या अशा झोपेत दहा वर्षांचा हात तयार होऊ लागला.

ज्यांच्या हातांवरून हा ठसा घेतला त्या डॉ. इंग्रिड होल्म. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका सरोवराकाठच्या शहरातल्या सर्जन. एक अख्खा हिवाळा त्यांनी दोन्ही हातांवर हालचाली टिपणारे कातडीसारखे पातळ मोजे चढवून काढला होता. ते मोजे काढले की पुन्हा जुळवायला फार वेळ जाई, म्हणून त्या ते काढतच नसत. आता लागोसपासून मनिलापर्यंत शेकडो मुलं झोपेत त्यांचे हात घेत होती. हा अभ्यास पुरा केल्याच्या प्रमाणपत्रावर परदेशी मुलांच्या मुलाखती होऊ लागल्या होत्या.

ठसा फक्त हालचालीचा असे. चित्र नाही, आवाज नाही. पण झोपलेलं मन हालचालीला जागा शोधतंच. हेमांगीला पोट, आतडी, टाके अशी स्वप्नं पडत, आणि अधूनमधून एक वेगळंच स्वप्न पडे. त्यात फक्त एक तळवा असायचा. रुंद, उबदार, कुणाचा ते ठाऊक नाही. कधी तो तळवा काळ्या मातीचं रान व्हायचा आणि तिची बोटं त्यात सरकी टोबत, एकेक बी खोचत चालायची. कधी गावच्या वणा नदीचं उथळ पात्र व्हायचा. एका ठिकाणी, अंगठ्याच्या खाली, काहीतरी उंचवटा असावा. तिथं आलं की तिची बोटं उडी मारून पुढे जायची. जाग आल्यावर तिला उगाचच कुणाशी तरी खूप बोलून आल्यासारखं वाटे.

*

तिसऱ्यांदा मुलाखतीला निघण्याआधी ती चार दिवस घरी गेली. आईनं बांधून दिलेल्या लोणच्याच्या बरणीवर तिनं चिठ्ठी चिकटवली. वडिलांनी बरणी उचलून उजेडात धरली.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. का बाबा?"

"हे अक्षर तुझं नाही वाटून राहिलं." त्यांनी चष्मा वर केला. "तू आधी रेघ ओढायची अन् मंग अक्षरं खाली टांगायची. किती रागावलो मी त्यापायी, पण तू काही ऐकलं नाही. आता अक्षर आधी, रेघ मागून. अन् तीबी तुटक."

हेमांगीनं बघितलं. खरंच होतं.

"हात परका होऊन राहिला बेटा तुझा."

"परक्या देशातच कामाला लावायचाय ना, बाबा."

ते हसले नाहीत. बरणी जपून खाली ठेवली फक्त.

नागपूरच्या विमानतळावर आत जाताना त्यांनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तिची बोटं त्यांच्या तळव्यावर हलली. दाबली, सरकली, दोनदा टेकली, पुन्हा सरकली. तिनं हात मागे घेतला.

"काय लिहून राहिली?"

"काही नाही बाबा. असंच."

"असंच नाही," तुळशीराम म्हणाले. "काहीतरी लिहिलं तू. मलेच वाचता नाही आलं."

*

जानेवारीत ती त्या शहरात उतरली तेव्हा सरोवर गोठलेलं होतं. पांढरं कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. रुग्णालयाच्या सरावाच्या खोलीत डझनभर उमेदवार ओळीनं उभे होते. बहुतेक सगळे परदेशांतून आलेले. प्रत्येकापुढे कृत्रिम कातडीचा तुकडा, सुई आणि दोरा. विभागप्रमुख डॉ. रिव्हेरा हात मागे बांधून फिरत होते.

"सुरुवात करा," ते म्हणाले.

हेमांगीनं पहिला टाका घातला, गाठ मारली, आणि दोरा ओढल्यावर तिची करंगळी किंचित वर उचलली गेली. ती सवय तिची नव्हती. तिनं सहज शेजारी पाहिलं. शेजारच्या मुलीची करंगळीही वर होती. पलीकडच्याचीही. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काळे, गोरे, गव्हाळ हात एकाच तालात वाकत होते, एकाच जागी थांबत होते आणि एकाच वेळी करंगळी उचलत होते. खोलीत बारीक सळसळ होती, वाऱ्यात एका रांगेतली झाडं हलल्यासारखी. रिव्हेरा फिरता फिरता थांबले.

काम संपल्यावर शेजारच्या मुलीनं ओळख करून घ्यायला हात पुढे केला. ती लागोसची डॉ. इफेओमा. दोघींचे तळवे एकमेकींना लागले आणि दोघींची बोटं एकदम हलायला लागली. हेमांगीची बोटं इफेओमाच्या तळव्यावर, इफेओमाची तिच्या. दोघींनीही हात सोडला नाही. दोन हात एकमेकांशी भराभर काहीतरी बोलत होते आणि ऐकत कुणीच नव्हतं.

"तुझंही होतं हे?" इफेओमानं हलक्या आवाजात विचारलं. "मला वाटलं मज्जातंतूंचा आजार लागला. कुणाला बोलले नाही."

"मीही नाही."

मागून काठीचा आवाज आला. एक उंच, वृद्ध बाई त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली होती. तिचा उजवा हात छातीशी दुमडलेला होता आणि त्याची बोटं मिटलेली. खोलीतला प्रत्येक उमेदवार तो चेहरा ओळखत होता. डॉ. होल्म यांना वर्षभरापूर्वी पक्षाघात झाला होता, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं.

"पुन्हा करा," त्या म्हणाल्या. "हात मिळवा पुन्हा. मला नीट बघू द्या."

दोघींनी पुन्हा हात मिळवला. डॉ. होल्म वाकून बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"आज दुपारी माझ्या घरी याल का?" त्यांनी दोघींना विचारलं. "मुलाखतीशी याचा काही संबंध नाही. नाही म्हणालात तरी चालेल."

इफेओमाचं संध्याकाळचं विमान होतं. तिला आणखी तीन शहरांत मुलाखती होत्या. हेमांगीला आणखी कुठूनही बोलावणं नव्हतं. ती गेली.

*

गाडीत डॉ. होल्म यांनी सगळं सांगितलं. त्यांचे पती वॉल्टर जन्मतः बहिरे. लाकडाच्या होड्या बांधायचे. लग्न झालं तेव्हा त्यांना दिसत होतं, दोघं हातवाऱ्यांच्या भाषेत बोलत. मग नजर कडेकडेनं विझत गेली आणि हातवारे हळूहळू तळव्यात उतरले.

"चाळीस वर्षांत तिची एक बोलीच झाली," त्या म्हणाल्या. "आमच्या खुणा, आमची आखूड रूपं, आमचे विनोद. जगात दोन माणसं ती बोलत होती."

"आणि ते मोजे तुम्ही घरीही घालत होतात," हेमांगी म्हणाली.

"ठसा घेणारी कंपनी म्हणाली होती, घरचं सगळं गाळून टाकू. पण त्यांची गाळणी वेळ बघत नव्हती, सफाई बघत होती. जी हालचाल अचूक, बारीक, पुन्हा पुन्हा येणारी, ती शस्त्रक्रियेची. तळव्यावर चालणारी बोटं पाहून तिला वाटलं, मी पोटातली ऊती चाचपतेय." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "माझ्या हातांनी केलेलं सर्वांत सफाईचं काम शस्त्रक्रियेत नव्हतंच. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

घरामागच्या अंगणात बर्फाखाली पालथ्या होड्यांचे उंचवटे दिसत होते. आत खिडकीशी वॉल्टर बसले होते, पांढरे केस, भरदार खांदे. हातातल्या लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर घासत होते. डॉ. होल्म यांनी डाव्या हातानं त्यांच्या खांद्यावर थाप दिली आणि हेमांगीला मान हलवून खूण केली.

हेमांगीनं आपला उजवा हात त्यांच्या तळव्यात ठेवला. तळवा रुंद होता, उबदार होता. अंगठ्याखाली जुन्या जखमेचा उंचवटा होता आणि तिची बोटं त्याच्यावरून नेमकी उडी मारून पुढे गेली. तिचे डोळे भरून आले. का, ते तिला सांगता आलं नसतं.

वॉल्टर हलायचे थांबले. त्यांचा दुसरा हात तिच्या मनगटावर आला, बाहीवरून कोपरापर्यंत चढला. हा हात तरुण मुलीचा आहे, अनोळखी आहे, हे त्यांना कळलं असावं. तरी त्यांनी तळवा मिटला नाही.

"काय म्हणाले मी?" हेमांगीनं विचारलं.

डॉ. होल्म भिंतीला टेकल्या होत्या. "तू म्हणालीस, पायऱ्यांवर बर्फ साचलाय. मीठ टाकलंय. सावकाश उतर."

मग वॉल्टरची जाड बोटं हेमांगीच्या तळव्यावर चालू लागली.

"तो विचारतोय, तू कोण आहेस," डॉ. होल्म म्हणाल्या. "आणि विचारतोय, इतके दिवस कुठे होतीस. दोन्ही एकदमच विचारतोय."

*

पक्षाघातानंतर इंग्रिड होल्म वॉल्टरशी बोलतच नव्हत्या असं नाही. डाव्या हाताच्या तर्जनीनं त्या तळव्यावर मोठी अक्षरं काढत. जेवण. आंघोळ. डॉक्टर. त्यापलीकडे काही नाही.

"डाव्या हातानंही शिकता आली असती की बोली," हेमांगी एकदा म्हणाली.

"आली असती." त्या म्हणाल्या. "माझा हात म्हणजेच मी होते. त्याच्यापुढे बोबडं बोलायला मला नको वाटत होतं."

तोवर हेमांगी होड्यांच्या शेडवरच्या खोलीत राहायला आली होती. दर दुपारी ती वॉल्टरशेजारी बसायची. हात बोलायचा, डॉ. होल्म अर्थ सांगायच्या. लहानपणी विहारात तिनं पाली वंदना अर्थ न कळता पाठ केली होती. पुढे बाबांनी एकेका शब्दाचा अर्थ उलगडला तेव्हा तोंडात असलेलंच नव्यानं ऐकू आलं होतं. हे तसंच होतं. शब्द हातात होते, नुसता अर्थ त्यांना चिकटवायचा होता. महिना सरतासरता ती इंग्रिडचं बोलणं वॉल्टरच्या तळव्यात आणि वॉल्टरचं इंग्रिडच्या कानावर पोचवू लागली.

पहिली मोठी गोष्ट वॉल्टरनी विचारली ती अशी: माझ्यावर रागावली होतीस का?

"नाही," इंग्रिड म्हणाल्या. हेमांगीच्या बोटांनी ते सांगितलं. नवराबायकोच्या मधे बसून असं काही सांगताना आपण दिसू नये असं तिला वाटे. आणि वॉल्टरपुरती ती दिसत नव्हतीच.

बाहेर बर्फ पडत राही. खोलीत लाकडाचा भुसा, रोगणाचा वास आणि तीन माणसांची शांतता. ते दिवस हेमांगीला पुढेही नीट मोजून आठवले नाहीत. एक लांबलचक दुपारच ती.

*

फेब्रुवारीत डॉ. रिव्हेरा यांनी तिला बोलावून घेतलं. डॉ. होल्म यांनीच त्यांना सगळं कळवलं होतं. ते कळवायलाच हवं होतं.

"बस," ते म्हणाले. "तुझी मुलाखत उत्तम झाली. मला तुझं नाव वर ठेवायचंय. पण त्याआधी ते घरचं सगळं हातातून काढून टाकावं लागेल. तुझ्या एकटीच्या नाही, सगळ्यांच्याच."

"काढतात कसं?"

"आठवण जागी केली की थोडा वेळ ती ओली असते. सुकायच्या आत तिच्यावरून झोपेच्या वेगळ्या लहरी फिरवायच्या. ओल्या मातीवरची पावलं पुसतात तसं. शस्त्रक्रियेचं कसब राहतं. बोली जाते, आणि परत येत नाही."

"जूनमध्ये, कामावर रुजू होण्याआधी केलं तर?"

"उमेदवारांची नावं या महिनाअखेरीला जागावाटपासाठी जातात. तेव्हा हात स्वच्छ हवा." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मी अडवणूक करत नाहीये, हेमांगी. उद्या एखाद्या मुलाच्या उघड्या पोटात तुझा हात असेल आणि त्या हाताला तो तळवा वाटला, तर?"

ते बरोबरच होते.

"मला महिनाअखेरीला जमणार नाही," ती म्हणाली.

"मग मला तुझं नाव देता येणार नाही. आणि चौथ्या वर्षी अर्ज करणाऱ्याकडे लोक कसे बघतात, हे मी तुला सांगायला नको. माझी आई अशीच बाहेरून शिकून आली होती. तिला जागा मिळाली नाही."

रात्री तिनं घरी फोन लावला. हिंगणघाटला सकाळ होती, मागे प्रेशर कुकरची शिट्टी वाजत होती.

"बाबा, या वर्षीही होणार नाही."

तुळशीरामांनी विचारलं, "तिकडं कोणाचं काही अडलं का?"

"हो."

"तुझ्यावाचून?"

"माझ्यावाचून नाही, बाबा. माझ्या हातावाचून."

"मंग राहा," ते म्हणाले. "पण इथं लोकायले सांगताना मले जड जाईन, इतकं समजून घे."

"समजते बाबा."

"जेवत जा वेळेवर."

*

सकाळी शेडमध्ये इंग्रिडच्या डाव्या हाताची शिकवणी चाले. हेमांगीच्या डाव्या हातातही बोली नव्हती. ठशात ती उजव्याच हाताची होती. म्हणून दोघी सारख्याच अडाणी होत्या. हेमांगीचा उजवा हात खूण करून दाखवी आणि दोन डावे हात ती एकमेकांच्या तळव्यावर गिरवत बसत. जागेपणी, सावकाश, जगातलं कुठलंही पोर शिकतं तसं. इंग्रिड चिडत, पुटपुटत, हात झटकून उठत आणि पुन्हा येऊन बसत.

"पन्नास वर्षं मी रेसिडेंटांना रागावले," त्या एकदा म्हणाल्या. "मला कुणी रागावलंच नाही. सवय नाही राहिली."

मार्चमध्ये पागोळ्या गळू लागल्या तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य तयार झालं. त्या वॉल्टरपाशी गेल्या, डावा हात त्यांच्या तळव्यात ठेवला आणि बोलू लागल्या. बोटं अडत होती, एक खूण दोनदा चुकली. वॉल्टर कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले. मग त्यांनी तो हात अलगद उचलून इंग्रिडच्या मांडीवर ठेवला आणि आपला तळवा हवेत पसरला. हेमांगीच्या दिशेनं.

इंग्रिड स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

हेमांगी दारात जाऊन उभी राहिली. पाणी नुसतंच वाहत होतं.

"मला माझ्याच हाताचा मत्सर वाटतोय," इंग्रिड पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तोच हात. तरणा. माझ्यापेक्षा बरा बोलणारा. तो त्याच्याशीच बोलणार, आणि मी त्याला दोष तरी कसा देऊ."

त्या दुपारी हेमांगी शेडवरच्या खोलीत झोपली. स्वप्नात तो तळवा पुन्हा आला, सरोवराएवढा मोठा. ती त्यावरून चालत होती. बर्फ वितळत आलेला, पायाखाली पाणी हलताना दिसत होतं. काठावर इंग्रिड काठी घेऊन उभ्या होत्या आणि पुढे पाऊल टाकत नव्हत्या. कारण बर्फ एकाच माणसाचं वजन पेलण्याइतका उरला होता. जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप भिंतीवर होती. तिनं खाली येऊन हातातली बोली पुसून देणाऱ्या प्रयोगशाळेला फोन केला. त्याच आठवड्यात रेसिडेन्सीच्या जागांचा निकाल लागला होता. हात स्वच्छ करून आता तिला काहीच मिळणार नव्हतं.

इंग्रिडनी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्या गप्प राहिल्या.

वॉल्टरला तिनं स्वतःच सांगितलं. तिच्या उजव्या हातानं आपल्या मनानं रचलेलं ते शेवटचं बोलणं. उद्यापासून मी नाही. इंग्रिड बोलेल. ती अडखळेल. तुम्ही तिचा हात खाली ठेवू नका.

वॉल्टर खूप वेळ तिची बोटं धरून बसले. मग त्यांनी उत्तर दिलं: मला सोपं तेच आवडायला लागलंय. म्हातारा झालो. तू जा, मी थांबेन तिच्यासाठी.

*

पुसण्याचं काम चार दुपारी चाललं. कृत्रिम तळवा हातात देत, बोटं बोलू लागत, आणि मग झोप. पहिल्या झोपेत नदीचं पात्र कोरडं झालं. मग रान गेलं. शेवटी नुसतं पांढरं उरलं, आणि त्यात दुखण्यासारखं काही नव्हतं.

होल्म यांच्या घरी परतल्यावर तिनं उजवा हात वॉल्टरच्या तळव्यात ठेवला. काहीच झालं नाही. अंगठ्याखालच्या उंचवट्याला तिचं बोट अडखळलं. वॉल्टरनी वाट पाहिली. तिच्या तळव्यावर हलकेच टिचकी मारून पाहिली. मग त्यांनी तिची बोटं एकेक करून मिटवली आणि शेजारणीचं उसनं भांडं परत द्यावं तसा तो हात दोन्ही हातांनी तिला परत दिला.

इंग्रिड उठल्या, काठी टेकत आल्या, खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा डावा हात पुढे झाला. वॉल्टरनी एक उसासा टाकला आणि तळवा उघडला.

*

उन्हाळ्यात हेमांगी भारतात परतली. हिंगणघाटच्याच रुग्णालयात तिनं वर्षभर काम केलं: अपेंडिक्स, हर्निया, बाळंतपणातली रक्तस्रावाची धावपळ. चौथ्यांदा अर्ज केला. सरोवराकाठच्या रुग्णालयानं या वेळी दुसऱ्यांना घेतलं. तिला जागा मिळाली ती अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळरानातल्या एका लहानशा गावात, साध्या सर्जरीची. मुलांची यकृतं तिथं कुणी शिकवणार नव्हतं. निकाल कळला तेव्हा तुळशीरामांनी आळीत पेढे वाटले आणि गावाचं नाव कुणालाही नीट सांगितलं नाही, कारण ते त्यांना उच्चारता येत नव्हतं.

जूनमध्ये रुजू होण्याआधी ती वाट वाकडी करून त्या घरी गेली. टॅक्सी रस्त्यावर थांबवून ठेवली. पुढची बस गाठायची होती. पुढच्या दारी कुणी नव्हतं म्हणून ती घराला वळसा घालून मागे आली.

अंगणात गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. पालथ्या घातलेल्या एका होडीवर दोघं बसली होती, सरोवराकडे तोंड करून. इंग्रिडचा डावा हात वॉल्टरच्या तळव्यात होता. हेमांगी थांबून बघू लागली. जागेपणी शिकलेलं काही तिच्यापाशी अजून होतं. पाणी, ही खूण तिला कळली. मग वारा. मग एक खूण आली ती तिनं कधी पाहिली नव्हती. तिच्यामागून दुसरी, तीही नवी. डावा हात उजव्यासारखा चालत नव्हता. जिथं जुनी खूण जमत नव्हती तिथं त्यानं आपली वाट काढली होती, आणि वॉल्टर त्याच वाटेनं उत्तर देत होते. भराभर. काहीतरी वाद चालला असावा. वॉल्टर खांदे हलवून हसले आणि इंग्रिडनी त्यांच्या मनगटावर एक चापट मारली. कशावरून, ते हेमांगीला कळलं नाही.

इंग्रिडनी मान वळवली आणि तिला पाहिलं. चेहरा उजळला, पण हात तळव्यातून काढला नाही. वाक्य अर्धं राहिलं असावं.

राहू द्या, होऊ द्या तुमचं, असं हेमांगीनं खुणेनंच सांगितलं. रस्त्यावर टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. होडीवरचं बोलणं काही लवकर संपेल असं दिसत नव्हतं. तिनं घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन टॅक्सीवाल्याला हात हलवून जायला सांगितलं आणि परत येऊन ती उन्हात, गवतात बसून राहिली.